गुरुवारचा हप्ता

१

ज्यानं माझ्या कर्जाचे तेरा हप्ते फेडले त्याचा मी आभारी आहे. हे अगोदरच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचताना तुम्हांला कदाचित तसं वाटणार नाही.

कर्ज अठराशे रुपयांचं होतं. १९५७ साली मी पुण्याहून बेंगळुरूला एका सरकारी कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून आलो आणि वर्षाच्या आत माझ्या बायकोला, अलकाला, क्षय झाल्याचं निघालं. सॅनटोरियम, ऑपरेशन, इंजेक्शनं. पगार महिना दोनशे दहा. आमची विद्या तेव्हा दीड वर्षाची. निदान दोन वर्षं तरी मूल आईजवळ नको, असं डॉक्टरांनी बजावलं, आणि माझे दादा-वहिनी येऊन तिला पुण्याला घेऊन गेले. स्टेशनवर ती माझ्या शर्टाचं बटण धरून बसली होती. ते वहिनींनी तिच्या मुठीतून सोडवलं.

पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न सुटला तो सुधींद्रमुळे. सुधींद्र माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा. तीनशे वर्षांपूर्वी इकडे येऊन राहिलेल्या मराठी घराण्यातला. त्याचं मराठी पहिले दोन महिने मला निम्मंच कळायचं. त्याची मामी, सत्यवतीअक्का, बसवनगुडीत एकटी राहायची. तिचे यजमान भीमाचार्य अडल्यानडल्याला बिनव्याजी पैसे द्यायचे, आणि त्यांच्या मागे अक्कांनी ते चालू ठेवलं होतं.

"व्याज नको," अक्का मला म्हणाल्या. "पण तीन गोष्टी आहेत. हप्ता द्यायला तू स्वतः यायचं. आत येऊन स्वल्प बसायचं, कॉफी घेतल्याशिवाय उठायचं नाही. आणि वहीत तूच लिहायचं, मी हात लावणार नाही. सरी?"

"सरी," मी म्हणालो. तेवढं कन्नड मला येत होतं.

२

महिन्याचा पहिला रविवार हा माझा हप्त्याचा दिवस. के. आर. पुरममधल्या आमच्या दोन खोल्यांतून सकाळी निघायचं, दोन बस बदलून बसवनगुडीला उतरायचं. अक्कांची पुढची खोली लाल गुळगुळीत जमिनीची, गार. दोन वेताच्या खुर्च्या, एक भिंतीवरचं घड्याळ, कोपऱ्यात तिवईवर पितळेचा डबा आणि लाल कापडाच्या बांधणीची वही. मी डब्यात चाळीस रुपये टाकायचो, वहीत तारीख आणि रक्कम लिहून सही करायचो, दोन चमचे साखरेची कॉफी प्यायचो आणि पुढची बस गाठायचो. घड्याळाची टिकटिक आणि आतून येणारा कॉफी दळण्याचा आवाज, याखेरीज त्या घरात कसलाही आवाज नसायचा.

एकूण पंचेचाळीस हप्ते. ट्रेसिंग पेपरवर मी पंचेचाळीस चौकोन आखले आणि तो कागद स्वयंपाकघराच्या दारामागे चिकटवला. सॅनटोरियममधून परत आल्यावर अलकानं तो ताब्यात घेतला. दर महिन्याला एक चौकोन ती काळ्या शाईनं भरायची. डॉक्टरांची मुदत संपल्यावरसुद्धा विद्याला आणणं परवडणारं नव्हतं; दूध, अंडी, औषधं आणि हप्ता यांतून तिच्यासाठी काही उरतच नव्हतं. कर्ज संपलं की विद्या घरी, असं आम्ही ठरवून टाकलं. शेवटच्या चौकोनात अलकानं दोन वेण्यांची एक मुलगी काढून ठेवली.

वहिनी दर चार महिन्यांनी विद्याचा पंजा कागदावर ठेवून पेन्सिलीनं त्याची कड काढून पाठवायच्या. पंजा वाढत होता. तो कागद आला की माझा पुढचा आठवडा फार वाईट जायचा आणि त्यानंतर मी आणखी काहीतरी सोडायचो.

पहिल्यांदा सिगरेट सोडली, दिवसाच्या दहा. मग लग्नात शिवलेला तपकिरी लोकरीचा कोट जुन्या बाजारात बावीस रुपयांना विकला. मग गुरुवारची गाण्याची शिकवणी बंद केली, फी आठ रुपये. गुरुजी म्हणाले, फी देऊ नका, पण या. मी गेलो नाही, कारण बसला पैसे पडायचे. पुढे पुढे मी मित्रांशी बोलणंही सोडलं; बोलणं म्हटलं की कॉफी आली, आणि कॉफी म्हटलं की आळीपाळीनं बिल आलं. हे सगळं मी मोठ्या अभिमानानं करत होतो. त्या दिवसांत मला चिकाटीचं बक्षीस द्यायला कोणी आलं असतं, तर मी ते विकून हप्त्यात टाकलं असतं.

३

फेब्रुवारी १९६०. विसावा हप्ता.

कारखान्यात त्या रविवारी जादा काम होतं, दुप्पट पगारानं. सकाळी लवकर बसवनगुडी गाठून दहाच्या आत कारखान्यात पोचायचं असा माझा बेत. अक्कांच्या दारात पोचलो तेव्हाच उशीर झाला होता, आणि परतीची बस कोपऱ्यावर उभी दिसत होती.

मी एक पाय उंबऱ्याच्या आत टाकला आणि तिथूनच चार दहाच्या नोटा पुढे केल्या.

"उंबऱ्यावरून नको," अक्का म्हणाल्या. "आत ये. बैस."

आज घाई आहे, वहीत पुढच्या वेळी लिहितो, असं काहीतरी म्हणत मी नोटा त्यांच्या हातात कोंबल्या. घेण्या-देण्याचे व्यवहार उंबऱ्यावर करू नयेत हे माझ्या आईनंही मला शंभरदा सांगितलेलं होतं. पण बसच्या कंडक्टरनं घंटी दिली होती. मी पळालो. बसमधून मागे पाहिलं तेव्हा अक्का दारातच उभ्या होत्या. मात्र त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या, आत खोलीकडे पाहत होत्या.

४

मार्चच्या पहिल्या रविवारी मी मुद्दाम लवकर गेलो, नीट बसलो, राहिलेली नोंद करायला वही उघडली.

नोंद झालेली होती. सात फेब्रुवारी, चाळीस रुपये, माझी सही. तिच्याखाली आणखी एक होती. अठरा फेब्रुवारी, गुरुवार, चाळीस रुपये, माझी सही.

ड्रॉइंग ऑफिसात वर्षानुवर्षं आकडे घोटून माझ्या इंग्रजी चारचा माथा उघडा राहतो, आणि सहीतल्या 'प'ची दांडी खाली जरा डावीकडे वळते. दोन्ही नोंदींत ते तसंच होतं. मी विचारलं, अक्का, हे कोणी लिहिलं?

"तूच की. गुरुवारी आलास, अकराच्या सुमारास. तिथं बसलास." त्यांनी दुसऱ्या खुर्चीकडे बोट दाखवलं. मी नेहमी दाराजवळच्या खुर्चीवर बसायचो. दुसरी खिडकीखाली होती, जरा आत. "दोनदा कॉफी घेतलीस, साखरेविना."

अक्का सत्तरीच्या, डोळ्यांत मोतीबिंदू. दुसऱ्या कोणा देणेकऱ्याला त्या मी समजल्या असतील, असा मी विचार केला. पण मग त्यानं माझी सही का केली? दुसऱ्या दिवशी मी कारखान्यातलं माझं हजेरीचं कार्ड काढून पाहिलं. अठरा फेब्रुवारी: आत आठ वाजून दोन मिनिटं, बाहेर पावणेपाच. मधल्या वेळात मी एका पंपाच्या झाकणाचं ड्रॉइंग करत होतो, आणि त्या ड्रॉइंगवर साहेबांची तारखेसह सही होती.

डब्यातले पैसे दर महिनाअखेर सुधींद्र बँकेत भरायचा. तो त्याच आठवड्यात म्हणाला, काय पद्माकर, लॉटरी लागली काय, ऐंशी दिलेस या खेपेला?

तो स्वतःच मला गुपचूप मदत करतोय, असा माझा संशय होता. तो त्या क्षणी फिटला. सुधींद्रला मनातलं चेहऱ्यावर न आणणं कधीच जमलं नाही.

५

त्या संध्याकाळी अलका शाईची दौत घेऊन दारामागच्या कागदापुढे उभी होती. किती भरू, तिनं विचारलं. मी दोन म्हणालो.

ती वळली. म्हणाली, "दोन?" आणि मग तिचे डोळे भरून आले. मी कारखान्यात तिच्या चोरून जादा काम करतोय, असं ती समजली. "कुठून आणता, ते मी विचारणार नाही," ती म्हणाली. "पण तब्येत सांभाळा."

खरं सांगायची वेळ तीच होती. ऑपरेशननंतर ती इतक्या आनंदानं पहिल्यांदाच माझ्याकडे पाहत होती, आणि मला ते फार हवंसं वाटलं. मी नुसती मान हलवली. आयुष्यात मी चोरी केली असेल तर ती एवढीच.

नंतर दर महिन्याला तेच होत गेलं. पहिल्या रविवारी मी जायचो. वहीत तिसऱ्या गुरुवारची नोंद माझी वाट पाहत असायची. पंचवीस महिन्यांचं उरलेलं कर्ज तेराच महिन्यांत संपणार होतं. विद्या एक वर्ष आधी घरी येणार होती. रात्री अंथरुणावर पडलं की मी हात जोडून मनात म्हणायचो, कोण आहेस ते मला माहीत नाही, पण तुझे उपकार फिटायचे नाहीत. मनापासून म्हणायचो. आणि म्हटल्यानंतर बराच वेळ डोळे मिटायची भीती वाटायची.

अक्कांकडून मी आडून आडून काढून घेत होतो. गुरुवारी मी बरा असतो, असं त्या म्हणायच्या. रविवारी मला घाई असते, गुरुवारी नसते. गुरुवारी मी पाय पसरून बसतो, त्यांच्या नातीची चौकशी करतो, गुणगुणतो.

"काय गुणगुणतो मी?"

त्यांनी दोन ओळी म्हणून दाखवल्या, सूर सोडून, पण मला ओळखता आल्या. शिकवणी सोडली त्या दिवशी गुरुजी मला तीच चीज शिकवत होते. माझी तेव्हा स्थायीच झाली होती. अक्कांनी म्हटलेल्या दोन ओळींतली दुसरी अंतऱ्यातली होती. ती मला कधीच शिकवलेली नव्हती.

"आणि कपडे?"

"तोच तुझा तपकिरी कोट. उन्हाळ्यातसुद्धा घालतोस. मी म्हटलं, उकडत नाही का रे? तू हसलास."

खिडकीखालच्या खुर्चीच्या हातावर बोटभर जळल्याचा एक डाग होता, सिगरेट टेकवून ठेवल्यावर पडतो तसा. पूर्वी तो नव्हता, निदान मी पाहिला नव्हता. मी त्या खुर्चीवर कधी बसलो नाही. एकदा अक्का आत कॉफी आणायला गेल्या असताना तिचा वेत करकरला. बसलेला माणूस जरा सरकून बसला की करकरतो तेवढाच. मी घड्याळाकडे पाहत राहिलो. वेत कोरड्या हवेत करकरतो, हे मला पक्कं माहीत होतं.

एखाद्या गुरुवारी रजा टाकून तिथं जाऊन बसावं, एवढा साधा उपाय होता. मी तो केला नाही. मी पाहिलं असतं तर कदाचित तो यायचा थांबला असता. आणि विद्या आता भाकरीचा तुकडा मोडून स्वतःच्या हातानं खाते, असं वहिनींचं पत्र आलं होतं.

६

पाच फेब्रुवारी १९६१ ला माझी नोंद झाल्यावर बाकी चाळीस रुपये उरली. म्हणजे शेवटचा हप्ता त्याचा होता.

इतके दिवस जे मी मुकाट्यानं घेतलं, ते त्या आठवड्यात मला घेववेना. कर्ज मी काढलं होतं. अलकाच्या छातीतलं दुखणं, विद्याची मूठ, हे माझं होतं. शेवटचा चौकोन तरी माझ्या हातानं भरला जावा असं वाटू लागलं. आणि दुसरंही एक होतं, ते मी स्वतःशीसुद्धा नीट बोलत नव्हतो. कर्ज फिटल्यावर विद्याला आणायचं असं ठरलं होतं. ज्यानं फेडलं, त्याचं काय ठरलं होतं?

कारखान्याच्या सोसायटीतून चाळीस रुपये उचलले. सोळा फेब्रुवारीला, गुरुवारी, पहिल्यांदाच रजा टाकली. अलकाला सांगितलं नाही. जेवणाचा डबा घेऊन नेहमीच्या वेळी निघालो. अकराच्या आधी पोचायचं होतं. मधे बस बंद पडली, आणि अक्कांच्या दारात मी सव्वाअकराला आलो.

अक्का पेला उचलत होत्या. माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "काय विसरलास?"

खिडकीखालच्या खुर्चीसमोरचा तो पेला. मी तो त्यांच्या हातून घेतला. अजून कोमट होता. वही उघडीच होती: सोळा फेब्रुवारी, चाळीस रुपये, सही. खाली दोन रेघा ओढून मोकळ्या, मजेदार अक्षरात लिहिलं होतं, 'बाकी काही नाही.' पूर्वी, कर्जाच्या आधी, मी तसं अक्षर काढायचो.

"आत्ताच तर गेलास, पोरीला आणायला पुण्याला जातो म्हणून," अक्का म्हणाल्या. मग त्यांनी माझ्या अंगावरचा शर्ट पाहिला, आणि डोळे बारीक करून बराच वेळ तोंडाकडे पाहत राहिल्या. अक्का खुर्चीत बसल्या. हळूच म्हणाल्या, "त्या दिवशी उंबऱ्यावरून पळालास ना, तेव्हाच मला वाटलं होतं. अर्धाच गेला म्हणून."

मी रस्त्यावर धावलो. कोपऱ्यावर सिटी स्टेशनकडे जाणारी बस उभी होती आणि लोक चढत होते. सगळ्यांत शेवटी तपकिरी कोट. माझ्याकडे पाठ. एक म्हातारी टोपली घेऊन धडपडत आली, तर त्यानं बाजूला होऊन तिला आधी चढवलं, टोपली वर दिली. मग सावकाश स्वतः चढला.

पन्नास पावलांवर होतो. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. पण कोणाच्या नावानं मारायची? पद्माकर म्हणून? आणि तो वळला असता म्हणजे?

बस गेली. मी तिथंच उभा होतो.

७

पुढची बस धरून स्टेशनवर पोचेपर्यंत पुण्याची गाडी सुटून गेली होती. मी तारघरात गेलो आणि फॉर्म घेतला. लिहिलं, 'विद्याला माझ्याबरोबर पाठवू नका.' वाचलं आणि फाडला. दुसऱ्यावर लिहिलं, 'मी आलो तर तो मी नाही.' तोही फाडला. खिडकीतला कारकून पेन्सिल थांबवून माझ्याकडे पाहू लागला. तिसऱ्यावर मी शहाण्या माणसासारखं लिहिलं, 'विद्याला सध्या पाठवू नका. पत्र मागाहून. उत्तर कारखान्यावर.'

घरी आल्यावर अलकाला एवढंच सांगितलं की कर्ज फिटलं, आणि पुण्याहून कोणीतरी येतंय त्यांच्याबरोबर दादा विद्याला पाठवतोय; पाठवू नका अशी तार करून आलोय, हे सांगायची हिंमत झाली नाही. अलका उठून दारामागे गेली आणि शेवटच्या चौकोनात मुलीच्या भोवतीनं शाई भरू लागली. मग तिनं नारळ फोडला आणि वड्या करायला घेतल्या, आणि मधेच माझ्याजवळ येऊन पायाशी वाकली. नको, नको, म्हणून मी मागे सरलो. मला तिथं उभं राहवत नव्हतं.

शनिवारी दुपारी कारखान्यात तार आली. दादा शब्द मोजून तार करणारा माणूस. या वेळी मात्र त्यानं पैशांकडे पाहिलं नव्हतं. 'तुझी तार आज मिळाली. काही समजत नाही. काल तू इथंच होतास. विद्या तुझ्याबरोबर आज सकाळी निघाली. रविवारी दुपारी पोचाल.'

८

रविवारी मी फलाटावर दोन तास आधी जाऊन उभा होतो. मला वाटत असलेली भीती साधी होती: गाडी येईल आणि तीत विद्या नसेल. एवढी एकच. तीन वर्षं पै पै करून जिच्यासाठी जमवलं ती दुसऱ्याच कोणाच्या हाताला धरून, दुसऱ्याच कुठल्या स्टेशनवर उतरून गेलेली असेल, आणि तिला ते कळणारही नाही, कारण चेहरा माझाच असेल.

गाडी आली. डबे रिकामे होऊ लागले. हमाल, ट्रंका, लुगड्यांचे घोळके. मी एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे पळत होतो. मग तिसऱ्या वर्गाच्या एका दारात दोन वेण्यांची एक मुलगी उभी दिसली. पाठीमागून एक बाई पत्र्याची ट्रंक पुढे सरकवत होती.

ही बाई मिरजेला चढली होती. मला पाहताच ती फणकारली, की यशवंतपूरला पोरीला एकटीला माझ्या भरवशावर टाकून उतरलात, पुढल्या स्टेशनवर समोर उभा असेन म्हणालात, अशी काय बाई चेष्टा? आणि आलात कसे गाडीच्या आधी? मी ट्रंक घेतली.

विद्यानं दोन्ही हात पुढे केले. "बाबा," ती म्हणाली, जणू रोजच म्हणत होती.

दीड वर्षाची गेलेली पोर. ती मला ओळखणार नाही, मला पाहून रडेल, या विचारानं मी किती रात्री तळमळलो होतो. ती बिचकली नाही. दीड दिवस ती हाच चेहरा पाहत आली होती. त्याच्या मांडीवर झोपली होती, त्याच्या हातून जेवली होती. माझी ओळख त्यानं करून ठेवली होती. मी तिला उचललं आणि भर फलाटावर रडलो, आणि आभार मानायला दुसरं काही सुचेना म्हणून रिकाम्या डब्याकडे पाहून मान लववली. त्या डब्यात कोणी नव्हतं. खिडकीशी सिगरेटचा वास येत होता.

टांग्यात विद्यानं विचारलं, "कोट कुठाय?"

"काढला."

"मग गाणं म्हणा. रात्री म्हटलं ते."

मी प्रयत्न केला. दोन-अडीच वर्षांत गळ्याला गंज चढलेला. तिनं थोडा वेळ ऐकून घेतलं आणि माझ्या तोंडावर हात ठेवला. "असं नाही," ती म्हणाली.

९

ती आल्यावर घर भरलं. त्या पहिल्या तीन दिवसांसाठी मी जन्मभर कोणाचाही ऋणी राहायला तयार आहे. अलकाच्या गालांवर रंग आला होता. विद्या दिवसभर तिच्या मागे मागे असायची. हप्त्याचे चाळीस आता घरात राहणार होते. मी बुधवारी विद्यासाठी दुधाचा रतीब वाढवला.

गुरुवारी मी कारखान्यात गेलो. आत आठ वाजून दोन मिनिटं, बाहेर पावणेपाच. अधलामधला वेळ मी टेबलावरून उठलो नाही. सुधींद्रला सांगून ठेवलं होतं, आज माझ्यावर नजर ठेव. तो हसला, पण त्यानं ठेवली.

घरी आलो तेव्हा दोघी मागच्या पायरीवर बसल्या होत्या. विद्या ती चीज म्हणत होती, अंतऱ्यासकट, आणि अलका टाळी धरत होती. कितीतरी दिवसांत मी तिला इतकं मोकळं बसलेलं पाहिलं नव्हतं. मोरीजवळ तीन ताटं घासून पालथी घातलेली होती.

मी पाय धुतले. अलका उठून आत आली, पंचा दिला, आणि तशीच जवळ उभी राहिली.

"आज दुपारी जेवायला आलात, ते फार बरं केलंत," ती म्हणाली. "किती वर्षांनी तुम्ही तुमच्यासारखे वागलात."

मी पंचा तोंडावर धरला आणि तोंड पुसत राहिलो. सगळं सांगायला फक्त एक वाक्य पुरलं असतं. बाहेर विद्या पहिल्यापासून पुन्हा सुरू करत होती.

"पुढच्या गुरुवारी पण याल ना?" अलकानं विचारलं.

"येईन," मी म्हणालो.